आधी पाटे, मग पैलू

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका गतिरोधकावर मागच्या सीटवर बसलेल्या मामीच्या मांडीवरचा डबा उडाला आणि कढी थेट गाडी चालवणाऱ्या मामाच्या मानेवर गेली. मामा रुमालानं मान पुसत म्हणाला, "जुनी गाडी आहे, चालायचंच." मामी म्हणाली, "तेव्हाही जुनीच होती. तुमचे वडील चालवायचे तेव्हा मी सीटवर बसून मटार सोलायचे. एक दाणा सांडायचा नाही."

मामाला हे लागलं की नाही माहीत नाही, मला लागलं. तीस वर्षं मी चिंचवडला एका कारखान्यात यंत्रांची कंपनं मोजण्याचं काम केलं. आता निवृत्त आहे. एकच गाडी, त्याच कमानी (चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या जुड्या, म्हणजे स्प्रिंगा), आणि आधी मटार सांडत नव्हते तर आता कढी का उडावी? मधे कुणीतरी काहीतरी केलंय, एवढं उघड होतं. मी म्हटलं, मामा, गाडी महिनाभर माझ्या ताब्यात दे. महिन्याचे सात महिने झाले.

गाडी म्हणजे १९२५ ची रोल्स-रॉइस ट्वेंटी. सहा सिलिंडर, ३१२७ सीसी, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये १२९ इंच अंतर. मालकानं स्वतः चालवावी म्हणून कंपनीनं काढलेलं हे धाकटं मॉडेल, १९२२ ते १९२९ पर्यंत चाललेलं. त्या काळी कंपनी नुसती चॅसी, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, द्यायची आणि वरची बॉडी कोचबिल्डर बांधून द्यायचा. त्यामुळे बॉडी किती जड, हे बघूनच कमानी ठरवाव्या लागत. आमच्या गाडीची मूळची बंद बॉडी लाकडी सांगाड्याची होती, ती वाळवीनं खाल्ली. आजोबांनी गाडी घेतली त्याच्या आधीच कुणीतरी तिच्यावर उघडी टूरर बॉडी चढवली होती. पुढे काही वर्षं ती फलटणजवळच्या मळ्यावर होती आणि तिथे तिनं भुईमुगाची पोती वाहिली, असं मामा सांगतो. रोल्स-रॉइसमधून शेंगा. मला हे ऐकताना गंमत वाटली होती. त्यातच उत्तर होतं हे नंतर कळलं.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. गाडी उडते, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर कमजोर, असं कुणीही म्हणेल, मीही तेच म्हटलं. खरं तर हे नावच फसवं आहे. धक्का झेलते ती कमान. झेलल्यावर ती झुलत राहते तो झोका जिरवायचं काम या उपकरणाचं, म्हणून त्याला डॅम्पर म्हणावं. या गाडीला आहेत ते घर्षणाचे. कात्रीसारखे दोन लोखंडी हात, एक चॅसीला, दुसरा ॲक्सलला. सांध्यात लाकडी चकत्या, मधून एक बोल्ट, वर चांदणीच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर आणि षटकोनी नट. त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाची ही कल्पना. हार्टफर्ड नावाच्या अमेरिकन माणसानं ती विकून तिला स्वतःचं नाव चिकटवलं. नट आवळला की चकत्या घट्ट, सोडला की सैल. नटाची एक बाजू फिरवली की आम्ही 'एक पैलू' म्हणायचो.

मी चारही नट दोन-दोन पैलू आवळले. प्रभात रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझे दात वाजत होते. मोठा गतिरोधक थोडा बरा गेला, पण रस्त्यावरची प्रत्येक खडी मला वेगवेगळी कळत होती.

याचं कारण घर्षणाच्या स्वभावात आहे. तेलाचा डॅम्पर हळू हलवला तर हळूच विरोध करतो, जोरात हलवला तर जोरात. घर्षणाचा तसा नाही. त्याला एक ठरावीक जोर लागतो. त्याच्या खाली तो हलतच नाही, वर गेला की सुटतो. बारीक धक्क्यांना डॅम्पर अडकून बसला तर कमान असून नसल्यासारखी, गाडी नुसत्या टायरांवर चालते. आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे त्याची खरी गरज, तिथे तो पुरत नाही.

मग नट सोडले. पूर्ण सोडले, हात नुसते लोंबकळतील इतके. गाडी आता सुटी पिंगा घालेल अशी माझी खात्री होती. तरीही ती ताठच! डॅम्पर नसतानाही कमान हलायला तयार नव्हती. तिथे पहिल्यांदा मला शंका आली की आपण रोग्याच्या भलत्याच हाताची नाडी बघतोय.

पुढच्या रविवारी मामाच्या अंगणात सिमेंटची चार पोती आणली, ५० किलोची. मागच्या ॲक्सलपासून चॅसीपर्यंतचं अंतर मोजलं. जमिनीपासून मोजायचं नाही, टायरही दबतो. पोती मागच्या सीटच्या जागी, बरोबर ॲक्सलवर ठेवली: चॅसी ६ मिलीमीटर खाली आली. मामा पायरीवर चढला, दोन उड्या मारून उतरला: १७ मिलीमीटर. पोती काढली, तर गाडी मूळ जागी यायला हवी की नाही? ८ मिलीमीटर खालीच राहिली. मामा म्हणाला, "हिला आपलं घर कुठं तेच आठवत नाहीये."

मग पोत्यांशिवाय मोजलं. गाडी हातानं दाबून हळूच सोडली की एका उंचीला थांबते, उचलून हळूच सोडली की दुसऱ्या. दोन्हींत २२ मिलीमीटरचा फरक. हा आकडा फार बोलका असतो. फरकाचा अर्धा घ्यायचा, कमानीच्या ताठरतेनं गुणायचा, की पाट्या-पाट्यांमधलं घर्षण मिळतं. पोती चढवताना-उतरवतानाच्या आकड्यांची सरासरी काढली तर एका मागच्या कमानीची ताठरता सेंटीमीटरला ६० किलो (सेंटीमीटरभर दाबायला ६० किलो) भरत होती. म्हणजे घर्षण ६६ किलो. त्या कमानीवर उभं वजनच मुळात ३०० किलो. रस्त्यानं ६६ किलोच्या वर जोर लावला तरच कमान जागी होणार, नाहीतर ती म्हणजे एक लोखंडी ठोकळा. आणि अशा ठोकळ्यावर मी डॅम्पर आवळत बसलो होतो.

हे ३०० कुठून आले, तर मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावरून. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. एकूण १४८० किलो. पुढे ६९०, मागे ७९०. त्यातून चाकं, ॲक्सल, ड्रम वगैरे कमानीच्या खालचं वजन अंदाजानं वजा केलं. काट्यावरच्या मुलानं पावतीवर 'माल' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मामा म्हणाला, "लिही, मामी."

तिथून जवळच ट्रकच्या कमानी करणारं एक दुकान आहे. तिथल्या चाचांना ट्रकच्या अख्ख्या जुड्याच्या जुड्या उलगडायची सवय. आमची कमान त्यांना खेळणं वाटली. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना शिकंजा आवळून नट काढला, शिकंजा हळूहळू सोडला, आणि पाटे पत्त्यांसारखे पसरले. मधे गंजाची लाल पूड, आणि गंजावर काळा रबरी थर. मागे कधीतरी एका गॅरेजनं गाडी खालून 'चकाचक' करून देताना कमानीवरही अंडरकोट मारला होता. पाटे एकमेकांना चिकटवूनच ठेवले म्हणा ना.

चाचांनी एकेक पाटा उचलून कडेनं बघितला आणि खालचे दोन बाजूला काढले. "साहेब, हे ह्या घरातले नाहीत." जाडी मोजायला व्हर्नियर लावला. बाकीचे पाटे पाव इंची, म्हणजे सहा मिलीमीटरपेक्षा जरासे जाड. हे दोन बरोबर ८ मिलीमीटर. इंचांतल्या गाडीत मिलीमीटरमधला पाटा, म्हणजे आपल्याकडे मेट्रिक मापं आल्यानंतर घातलेला. भुईमुगाची पोती! मळ्यावर असताना गाडी मागे बसू नये म्हणून कुणीतरी हे टाकले असणार. दीड-दोन मिलीमीटरनं काय होतंय असं वाटेल, पण पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या पटीत वाढते. ८ मिलीमीटरचा एक पाटा म्हणजे पाव इंची दोन पाटे. वरून मूळच्या जड बॉडीच्या जागी हलकी टूरर बसलेली. वजन कमी, कमान जास्त. मग कढी उडेल नाहीतर काय.

दोन्ही पाटे काढायचे ठरलं. त्यानं गाडी मागे बसणार होती, म्हणून कमानीला बाक जास्त द्यावा लागणार होता. यावरून माझी आणि चाचांची थोडी जुंपली. त्यांचं म्हणणं, बाक वाढवला की कमान कडक होते. माझं म्हणणं, बाकानं फक्त उंची बदलते. कडकपणा ठरतो तो पाट्यांची लांबी, रुंदी, जाडी आणि संख्या यांवर. चाचा हसून म्हणाले, "तुम्ही हिशोब करा, मी ठोकतो. बसवल्यावर बघू." बसवल्यावर माझा हिशोब बरोबर निघाला, पण ठोकणं मला सात जन्मांत जमलं नसतं. पाटा दोन ठोकळ्यांवर आडवा, पोटाची बाजू वर, मधे घणाचा ठोका. बोटभर सरकवायचा, पुन्हा ठोका. गॅसनं तापवायचं नाव नाही, पाट्याचं पाणी उतरतं. प्रत्येक पाटा वरच्या पाट्याला लावून बघायचा: टोकं टेकली पाहिजेत आणि मधे उजेडाची एक बारीक रेघ दिसली पाहिजे, म्हणजे बोल्ट आवळल्यावर सगळे एकमेकांवर दाबून बसतात. त्या रेघेसाठी ते दर वेळी पाटा दाराकडे, आभाळाच्या दिशेला धरायचे. बारीक फटी मोजायचा माझा फीलर गेज खिशातच राहिला.

पाट्यांच्या टोकांनी वरच्या पाट्याला खाचा पाडल्या होत्या, त्या घासून सपाट केल्या, टोकांच्या धारा बोथट केल्या. नाना पेठेतून ग्रॅफाइट ग्रीस आणलं. कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे, म्हणजे शॅकलचे, बुश लेथवर नवे काढले. वरून कातडी जाकिटं शिवून घेतली, खालून लेस ओवलेली, बुटासारखी. पुढच्या कमानींना परका पाटा नव्हता, त्या फक्त उलगडून साफ केल्या.

पुन्हा पोती, पुन्हा फूटपट्टी. मागे ताठरता ६० वरून ४३. दाबून-उचलून येणारा फरक २२ वरून ७ मिलीमीटर. घर्षण ६६ किलोवरून १५.

इथे एक सोपं सूत्र सांगतो. उभ्या वजनानं कमान किती सेंटीमीटर दबली आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३०० ला त्यानं भागायचं. गाडी मिनिटाला किती झोके घेईल तो आकडा येतो. आमची मागची बाजू आधी ५ सेंटीमीटर दबत होती: १३४ झोके. आता ७: ११३. मागे दोन माणसं बसली की ९ च्या आसपास, म्हणजे १००. हल्लीच्या गाड्या साधारण ६० ते ८० मध्ये असतात. शंभरीच्या जुन्या गाडीला शंभर झोके, मला तरी ठीक वाटले. पुढचा आकडा मात्र १२२ होता आणि त्याच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

चाचणीसाठी आम्ही पहाटे साडेपाचला निघायचो. प्रभात रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, चतुःशृंगीवरून विद्यापीठ आणि पाषाण. टायरचा दाब रोज तोच, तोच गतिरोधक, २० चा वेग. मामीच्या हातात कढीऐवजी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी. लॉ कॉलेजच्या मागे पसरलेल्या वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, देशभरच्या गाड्या तपासणारी, १९६६ पासूनची संस्था. आणि खाली आम्ही वाटी घेऊन!

पहिल्या फेरीत खडी गायब झाली. रस्ता कुणीतरी इस्त्री केल्यासारखा. मामा एवढा खूश झाला की त्यानं वेग चाळीसवर नेला, आणि गाडीनं मान डोलवायला सुरुवात केली. नाक वर, शेपूट खाली. शेपूट वर, नाक खाली. नंदीबैलासारखी. मामी म्हणाली, "आदळत नाही, पण मळमळतंय."

मग ऑली आठवले. मॉरिस ऑली मूळचे रोल्स-रॉइसचेच इंजिनिअर, १९३० मध्ये कॅडिलॅककडे गेले. त्यांनी एका लांबलचक लिमोझिनवर पुढे-मागे वजनं सरकवता येतील अशी सोय करून माणसांना बसवून बघितलं की काय केलं म्हणजे बरं वाटतं. निष्कर्ष त्या वेळच्या रिवाजाच्या उलटा निघाला: पुढची बाजू मागच्यापेक्षा मऊ हवी, पुढचा झोका संथ हवा. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. आमच्या गाडीत ताशी ४० ला सुमारे ०.३ सेकंदानं. मागचा झोका जलद असेल तर उशिरा निघूनही तो पुढच्याला गाठतो, आणि डोलण्याऐवजी अख्खी गाडी सपाट वर-खाली होते. आमचं नेमकं उलटं. पुढे १२२, मागे ११३, माणसं बसली की १००. मागची बाजू उशिराही निघत होती आणि सावकाशही चालत होती. मागचं बरोबर करून मी पुढचं-मागचं नातं बिघडवलं होतं.

पुढचा एखादा पाटा काढायचा मोह झाला. चाचांनी नाही म्हटलं आणि या वेळी हिशोबही त्यांच्याच बाजूनं होता. सलग ॲक्सलच्या गाडीत पुढची कमान फार मऊ केली की चाकं स्टिअरिंगसकट थरथरायला लागतात. जुने लोक पुढचं ताठ ठेवत ते अडाणीपणानं नव्हे. कॅडिलॅकनं १९३४ ला पुढचा सलग ॲक्सलच काढून टाकला, दोन्ही चाकं स्वतंत्र केली, तेव्हा कुठे पुढचं मऊ करता आलं. रोल्सला ते १९३६ मध्ये, फँटम थ्रीत आलं. आमच्यापाशी उपाय एकच होता: पुढचा झोका लवकर जिरवायचा आणि मागचा मोकळा ठेवायचा. म्हणजे शेवटी डॅम्पर.

जुन्या चकत्या तेल पिऊन काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. मी हुशारी करून क्लचच्या लायनिंगच्या कापून घेतल्या. त्या धरायच्या आणि मग एकदम सुटायच्या, गाडी खालून कुणी लाथ मारावी तशी 'टक्' करायची. चिकटून बसलेलं घर्षण जास्त आणि घसरतानाचं कमी असलं की हे व्हायचंच. लाकूड या बाबतीत सभ्य असतं. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात एका म्हाताऱ्या सुतारांनी विचारलं, कशासाठी? सांगितल्यावर म्हणाले, "मग बाभूळ घ्या. बैलगाडीचं चाक बाभळीचंच असतं, तिला दाबाची सवय आहे." आठ चकत्या लेथवर काढल्या.

मोजणी हाताच्या टोकाला सामान तोलायचा आकड्याचा काटा अडकवून. ओढत जायचं, हात सरकायला लागला की तो आकडा. काम सुरू करण्याआधी मोजलेले आकडे वहीत होते: एक ४५, एक २०, एक ६०, आणि एक काट्याचं तोंड वाकलं तरी न हललेला. आता सगळे शून्यावरून सुरू केले. फेरी मारायची, पुढचे दोन अर्धा पैलू आवळायचे, पुन्हा फेरी. डोलणं थांबेपर्यंत पुढे, खडी जाणवायला लागली की एक पाऊल मागे. मागच्यांना अगदी थोडं. तिथे पाट्यांचं स्वतःचं १५ किलो घर्षण बरंच काम करतं. अकराव्या फेरीला पुढे २० आणि मागे १६ किलोवर थांबलो. गतिरोधकावर वाटीतलं पाणी काठावर आलं, थोडं ओघळलं, आणि मामी म्हणाली, "हां." मटार सोलण्याइतकं नाही, तेही तिनं लगेच सांगितलं.

चार आकडे कागदावर लिहून मामानं टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवले. ते एप्रिलमध्ये. जुलैत गाडी पुन्हा दात वाजवायला लागली. काटा लावला तर मागचे १६ चे २३ झाले होते. नटाला कुणी हात लावला नव्हता. बाभळीनं पावसाळी हवा पिऊन अंग धरलं होतं. पाव पैलू सोडला, जागेवर आलं. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सैल झालं, पाव पैलू आवळला. कागदावर आता दोन रकाने आहेत.

परवा मे महिन्यात वळवाची एक जोरदार सर आली. दहा मिनिटांत मामाचा फोन: "अरे, पडला. पाव पैलू सोडू का?"

मी म्हटलं, मामा, रोहिण्या तरी लागू देत.